तात्यांचा साक्षीदार

देवकाते तात्यांकडे औषधाला गेलं की रोग्यानं गप्प बसायचं. बोलायचं ते साक्षीदारानं. साक्षीदार म्हणजे रोग्याबरोबर एकाच घरात राहणारं, त्याला जेवताना, झोपलेलं आणि चिडलेलं पाहिलेलं माणूस. असं माणूस बरोबर नसेल तर तात्या चहा पाजत, पण गोळ्या देत नसत. मग रोगी इंदापूरहून आलेला असो की शेजारच्या खोलीतून.

मी शेजारच्या खोलीतून गेले होते.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. अंथुर्ण्याला रस्त्यापासून जरा आत पाच बिऱ्हाडांची पत्र्याची एक ओळ होती. शेवटचं बिऱ्हाड तात्यांचं, त्याला लागून आमचं. मी गावातल्या हायस्कूलमध्ये पर्यवेक्षिका होते, आमचे हे पाटबंधारे खात्यात. तात्या जनावरांच्या दवाखान्यातून कंपाउंडर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील मेंढरं राखत. तात्यांनी मेंढरं सोडली, पण जनावरं सोडली नाहीत. निवृत्तीनंतर बारामतीच्या एसटी स्टँडवर त्यांना होमिओपॅथीचं एक जाडजूड मराठी पुस्तक मिळालं. ते त्यांनी तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा वाचता वाचता औषध द्यायला सुरुवात केली. घेत काहीच नसत. दारावर खडूनं लिहिलेलं होतं, 'दम, ताप, रक्त – बारामती.' ज्याला वाचता येत नसे त्याला ते तोंडी सांगत, "हितं नुसत्या शिंका, खाज आन चिडचिड."

साक्षीदाराचा नियम पुस्तकातला नव्हता. तो जनावरांच्या दवाखान्यातून आलेला.

"गाय कवा म्हनती का, तात्या, मला मळमळतंय?" ते विचारत. "मालक सांगतो. कालपासनं वैरणीला तोंड लावंना, डाव्या कुशीवरच बसती, वासराला जवळ येऊ दीना. झालं निदान. माणसाचं उलटं. माणूस बोलतंय, म्हणून त्याच्याकडं कुणी बघतच न्हाय."

त्यामुळे रोगी ओट्यावर टेकला की पहिला प्रश्न यायचा, "मालक कोण हाय?" मग बायको, आई, भाऊ, जे कोणी असेल ते पुढे सरकायचं. पुढचा पाऊण तास तात्या साक्षीदाराचं ऐकत आणि रोग्याकडे नुसते बघत. एकदा एका गृहस्थांचे त्यांनी दातही पाहिले. जुनी सवय.

प्रश्न ते दवाखान्याच्या आवारात विचारावेत तसे मोठ्यानं विचारत. आमच्या शाळेचे कवायतीचे सर अंगावरच्या पित्तासाठी आले, तेव्हा ओट्यावर सात माणसं होती. हे कशाला भितात, असं तात्यांनी सरांच्या पत्नीला विचारलं. त्या माउलीनं सांगितलं की पालीला. पाल दिसली की कॉटवर चढून मला हाक मारतात. पित्त आठ दिवसांत गेलं. सोमवारी कवायतीला मुलं सावधान झाली, पण पूर्वीसारखी नाही.

काही जण भाड्याचा साक्षीदार आणून बघत. दूध डेअरीतला एक एकटा राहणारा कारकून शेजाऱ्याला घेऊन आला आणि हा माझा खोलीतला जोडीदार असं सांगू लागला. तात्यांनी शेजाऱ्याला एवढंच विचारलं, "ह्याला झोपेत हाक मारली तर काय करतो?" शेजारी म्हणाला, ओ देतो. हे तर कोणीही सांगेल. तात्यांनी दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं.

माझा आजार दरवर्षी गणपती बसायच्या सुमारास सुरू व्हायचा. सकाळी उठल्या उठल्या शिंका. मी त्यांची नोंद ठेवत असे. कमीत कमी अकरा, जास्तीत जास्त सत्तावीस. डोळ्यांतून पाणी, टाळूला आतून खाज, नाकाखालची कातडी सोललेली. ताप नाही, खोकला नाही. दिवाळीनंतर आपोआप बंद. बारामतीच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून गोळी दिली होती. गोळी घेतली की शिंका थांबत आणि मीही थांबे. एकदा त्या गुंगीत नववी 'ब'ला मी लागोपाठ दोन दिवस एकच धडा शिकवला. कोणाच्या लक्षात आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

हे नेमकं काय आहे, ते मला पहिल्यांदा तात्यांनी नीट सांगितलं.

"तिकडं थंड देशात गवत कापायच्या दिसांत लोक शिंकायला लागले, म्हणून त्याला गवताचा ताप असं नाव पडलं. ताप तर चढतच न्हाय. हितं गाजर गवत हाय, मागनं बाजरीचा फुलोरा येतो, पुढं उसाला तुरा. त्याची बारीक धूळ वाऱ्यावर उडती. आमच्या नाकात गेली की नाक म्हनतं, जाऊ दे. तुमचं नाक म्हनतं, चोर आला. मग ते काठी घिऊन उठतं. चोर न्हाईच, पण काठी थांबत न्हाय."

माझ्या नोंदवहीचा त्यांनी ताबडतोब उपयोग सुरू केला. बाई पंधराच्या आत शिंकल्या तर गाजर गवत. वीसच्या वर गेल्या की बाजरी फुलोऱ्यात आली. हे त्यांनी गावात सांगितलं असणार, कारण एकदा गुडघे धरलेले एक आबा सकाळी आमच्या दारात थांबून आकडा विचारून गेले. त्यांना वस्तीवर जाऊन बाजरी बघणं होत नव्हतं.

औषधासाठी मी ह्यांना साक्षीदार म्हणून नेलं. आमच्या ह्यांना कालव्याच्या प्रत्येक फाट्याचं पाणी कोणत्या तारखेला सुटतं ते तोंडपाठ. तात्यांनी विचारलं, बाई कोणत्या कुशीवर झोपतात. हे म्हणाले, भिंतीकडे. भिंत कोणत्या बाजूला, तर ते आठवेना. खारट जास्त आवडतं की गोड, तर हे म्हणाले, वाढेल ते खाते. चिडल्यावर बोलतात की गप्प बसतात, यावर ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गप्प बसले.

"मालकाला काय म्हाईत न्हाय," तात्या म्हणाले. "दुसरा आणा."

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. त्यांना अठरा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. तात्यांनी एक प्रश्न विचारायचा आणि त्यांनी अकराची उत्तरं द्यायची. मी झोपेत कामांची यादी म्हणते, हे मला त्या दिवशी कळलं. पाऊण तासानं तात्यांनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाले, "आक्का, शिंकांपुरतं सांगा. बाकीचं फुडच्या आजाराला ठिवा."

औषध निघालं कांद्याचं. कांदा चिरताना जे होतं तेच तुम्हाला कांदा न चिरता होतंय, तर कांद्याचाच इतका बारीक अंश द्यायचा की शरीराला फक्त आठवण व्हावी, असं शास्त्र तात्यांनी समजावलं. पथ्यात पहिलं नाव कच्च्या कांद्याचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "कांदा खायचा न्हाय आन कांदाच खायचा. मग भजी काय वाईट हुती?" पथ्यात कापूरही होता. कापराच्या वासानं औषधाचा गुण जातो म्हणून गणपतीच्या आरतीला तात्या स्वतः मंडपाच्या बाहेर, वारा असेल त्याच्या उलट्या बाजूला उभे राहून टाळ्या वाजवत.

मला गुण आला का? शिंका सत्तावीसवरून चौदावर आल्या. त्याच आठवड्यात बाजरीची कापणीही झाली. माझ्या वहीत 'कारण' असा रकाना आहे. तो मी रिकामा ठेवला आहे.

आता मूळ मुद्दा. आमच्या ओळीत सर्वांत जास्त शिंका मला येत नव्हत्या. तात्यांना येत होत्या.

रोज सकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी भिंतीपलीकडून सुरू व्हायच्या. आमचं घड्याळ मागे पडलं की मी त्यावर लावत असे. पण तात्या स्वतःला औषध देत नसत. विचारलं तर म्हणत, "साक्षीदार कुठाय?" त्यांच्या पत्नी हिराकाकू चार वर्षांपूर्वी गेल्या होत्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. नियम सगळ्यांना तोच.

शहाण्णव साली हे हाताबाहेर गेलं. तात्यांचे डोळे सुजून मिटायला लागले. पुस्तकातलं अक्षर दिसेना, आणि समोर बसलेला रोगीही दिसेना. ज्याची सगळी विद्या बघण्यात, त्याला बघता येईना. मी त्यांना आग्रहानं बारामतीला पाठवलं. तिथली गोळी घेऊन ते ओट्यावर बसले आणि एका बाईंची साक्ष ऐन रंगात असताना त्यांना झोप लागली. गौरी जेवल्या त्या दिवशी त्यांनी दाराला बाहेरून खडूनं लिहिलं, 'औषध बंद.' आठ दिवसांत ओटा रिकामा झाला. पूर्वी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. आता तात्या एकटेच बसलेले असत, डोळ्यांवर ओला पंचा ठेवून. कोणी हटकलं तर सांगत, "आता काय, बंदच केलं म्हना."

त्यांची मुलगी सुप्याला दिलेली. ती गौरीला दोन दिवस आली होती. तिनं म्हटलं, मी सांगते साक्ष. तात्या नाही म्हणाले. "तू पाव्हणी. पाव्हणा साक्षीदार चालत न्हाय. पाव्हण्यापुढं जनावर बरं वागतं."

ती रडत एसटीत बसली. जाताना मला म्हणाली, "बाई, तुमी तरी बघा."

ती बघा म्हणाली ते सहज, लोक म्हणतात तसं. मला मात्र कोणी काम सांगितलं की ते यादीत घालायची सवय आहे. मी शंभर पानी वही घेतली, रकाने आखले आणि दुसऱ्या दिवसापासून तात्यांकडे बघायला लागले. एकवीस दिवस बघितलं. काही दिसलं, काही भिंतीतून ऐकू आलं. बाविसाव्या दिवशी रविवार होता. सकाळी नऊला मी वही घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले.

"औषध बंद हाय, बाई," ते पंच्याखालून म्हणाले.

मी म्हटलं, औषध न्यायला नाही, साक्ष द्यायला आले आहे.

तात्या सरळ बसले. त्यांनी हरकत घेतली, आणि नियमानं बघता ती रास्त होती. मी शेजारी, घरातली नव्हे. मी याची तयारी करून गेले होते. म्हटलं, मधली भिंत चार इंची आहे, ह्यांनी मोजली आहे, आणि ती पत्र्यापर्यंत पोचलेली नाही. वर हातभर जागा मोकळी आहे. तुमच्या शिंकांवर आमचं घड्याळ चालतं.

तात्यांनी पंचा काढला आणि मान वर करून त्या मोकळ्या जागेकडे बघितलं.

"तुमी मिरचीची फोडणी दिली की मला ठसका लागतो," ते शेवटी म्हणाले. "मालक कोण हाय?"

"मी," मी म्हटलं.

"बोला."

त्यांनी रोग्यांच्या वहीत स्वतःच्याच नावाचं कोरं पान काढलं आणि बोरू धरावा तसा पेन धरला. मी वाचत गेले. शिंका सकाळीच, एकवीसपैकी एकोणीस दिवस वीसच्या वर. नाकातून येतं ते अंड्याच्या पांढऱ्यासारखं. उन्हातून आलं की डोकं धरतात. मीठ फार. आमच्याकडे जेवायला बसल्यावर चव बघायच्या आधी मीठ घेतात, दह्यावर घेतात, पेरूवर घेतात, एकदा बुंदीच्या लाडवावर घेताना सासूबाईंनी हात धरला. झोपायच्या आधी दाराची कडी दोनदा बघतात. तात्या अंदाजानं लिहीत होते. मधे मधे "बरं" म्हणत होते, जसं ते कोणाच्याही साक्षीत म्हणत.

"कोणी हिराकाकूंचा विषय काढला," मी पुढचं वाचलं, "की तुम्ही 'मोटर बंद करून येतो' म्हणून उठता. तुम्हाला मोटर नाही. विहीरही नाही."

तात्यांनी वर बघितलं नाही. "फुडं," ते म्हणाले.

"शेवटचा मुद्दा. शिंका संपल्या की तुम्ही रोज बोलता."

"मी? कुणासंगं?"

"ते मला माहीत नाही. तुम्ही म्हणता, 'काय न्हाय, काय न्हाय. पड तू.' एकवीस दिवसांत एकवीस वेळा."

पेन थांबला. तात्यांना हे खरोखर माहीत नव्हतं. रोग्याला माहीत नसतं म्हणून तर ते साक्षीदार मागत. त्यांनी ते शब्द पानावर लिहायला घेतले, 'काय' लिहिलं आणि तिथेच राहिले.

"ती इचारायची," ते म्हणाले. "शिंक आली की पडल्या पडल्या इचारायची. काय झालं वो?"

मी वही मिटली.

"मोटर बंद करून येतो," तात्या म्हणाले आणि उठले.

मी ओट्यावर बसून राहिले. दहा-बारा मिनिटांनी ते मागच्या बाजूनं आले. डोळे जाताना होते त्याहून लाल होते. वारा त्या दिवशी अजिबात नव्हता, पण तो रकाना माझ्या वहीत आखलेला नव्हता.

त्यांनी पुस्तक उघडलं. पान शोधावं लागलं नाही, तिथे आधीच बाजरीचं एक वाळकं पातं घातलेलं होतं. अक्षर दिसत नव्हतं म्हणून त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि सवयीनं एका ओळीखाली बोट ठेवलं. औषध साध्या मिठाचं होतं. लक्षणांत सकाळच्या शिंका होत्या, मिठाची ओढ होती, दाराची कडीही होती. बोट होतं त्या ओळीत असं होतं की रोग्यानं जुनं दुःख मनात धरलेलं असतं, आणि कोणी समजूत घातली की त्याला जास्त होतं.

मी ते मनात वाचलं, पुस्तक मिटलं आणि समजूत घातली नाही.

"मला वाटलंच हुतं," तात्या म्हणाले. "चार वर्षं त्या पानापाशी येऊन थांबतोय. पण आपल्याच तोंडानं कसं म्हणायचं? साक्षीदार पायजे का नको?" मग त्यांनी कपाटातून एक लहान बाटली काढली, चार साबुदाण्याएवढ्या गोळ्या झाकणात घेतल्या, आणि मी बघत आहे याची खात्री करून तोंडात टाकल्या.

माझी सकाळची यादी तेव्हा स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली असे. पाचला दूध तापवणे, सव्वापाचला नळ येतो, साडेपाचला डबे. मी दूध आणि नळ यांच्या मधे एक ओळ वाढवली. दुसऱ्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी पलीकडून सुरुवात झाली. तेवीस झाल्या. तेविसाव्या शिंकेनंतर मी दुधाखालचा गॅस बारीक केला, भिंतीकडे तोंड केलं आणि वरच्या मोकळ्या जागेतून ऐकू जाईल इतपत आवाजात विचारलं, "काय झालं वो, तात्या?"

दूध वर यायला लागलं.

"काय न्हाय, बाई," तात्या म्हणाले. "काय न्हाय."

समोर बसून विचारलं असतं तर ते मोटर बंद करायला गेले असते. भिंतीआडून विचारलेलं चाललं. हे लक्षण पुस्तकात नाही, मी नंतर पूर्ण पुस्तक बघितलं.

दसऱ्यापर्यंत आकडा नवावर आला. सूज उतरली. दारावरचं 'औषध बंद' तात्यांनी पुसलं आणि ओटा पुन्हा भरला. गोळ्यांनी, की बाजरी कापल्यानं, की आणखी कशानं, ते मी लिहिलेलं नाही. रकाना रिकामा आहे.

दोन वर्षांनी आमच्या ह्यांची बदली इंदापूरला झाली. आमच्या खोलीत एक नवं जोडपं राहायला आलं. मुलगी चुणचुणीत होती. मी तिला किल्ल्या दिल्या आणि कपाटाच्या दारावरची यादी दाखवली. दूधवाला कोण, नळ किती वाजता, सिलिंडर कोणाकडून. ती बोट लावून वाचत खाली आली आणि एका ओळीवर थांबली.

"'पाच वाजून दहा मिनिटांनी, शिंका संपल्यावर, भिंतीतून विचारणे,'" तिनं वाचलं. "हे काय हो, बाई? हे पण करायचं?"

"हो," मी म्हटलं. "खोलीबरोबर येतं."